दार ठोठावणं चूक, पाळत बरोबर? खरक सिंग खटल्याचा अभ्यास

१९४१ साली तेव्हाच्या संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, खरक सिंग नावाच्या माणसाला पोलिसांनी दरोड्याच्या गुन्ह्यात गोवलं. पुरावा मिळाला नाही म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ खाली त्याला सोडून दिलं. खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही आणि तो निर्दोषही ठरला नाही. हा तपशील बारीक वाटतो, पण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसाकडे दाखवायला निदान निकालपत्र असतं. ज्याला पोलिसांनीच परस्पर सोडलं, त्याच्याकडे तेवढंही नसतं.

पोलिसांनी त्याच्या नावाने हिस्ट्री शीट, म्हणजे संशयिताबद्दल ठेवायची नोंदवही, उघडली. आपल्याकडे बोलीत ‘रेकॉर्डवरचा’ म्हणतात, तसा तो रेकॉर्डवर आला. मग गावचा चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री त्याच्या दाराशी यायला लागले. दार वाजवायचं, हाका मारायच्या, झोपेतून उठवायचं, आणि कधीकधी तसंच उठवून ‘मी गावातच आहे’ हे सांगायला पोलीस ठाण्यावर न्यायचं. परगावी जायचं तर कुठे चाललो आणि परत कधी येणार, हे चौकीदाराला किंवा ठाण्याला सांगून जायचं. तो पोहोचायच्या आत इथलं ठाणं तिथल्या ठाण्याला कळवायचं, आणि तिथेही तोच पहारा सुरू व्हायचा. अखेर त्याने घटनेच्या कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्याची ही गाऱ्हाणी त्या अर्जात नोंदली गेली, म्हणून आज आपल्याला ती वाचता येतात.

हा सगळा प्रकार एखाद्या फौजदाराच्या लहरीने चालला नव्हता. उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीच्या नियम २३६ मध्ये पाळतीचे सहा प्रकार लिहून ठेवलेले होते. घरावर आणि घराच्या वाटांवर गुप्त पहारा. रात्री घरी जाऊन तपासणी. फौजदाराच्या खालच्या नसलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक काळाने करायची चौकशी: माणसाची गावात पत कशी, सवयी काय, ऊठबस कोणाबरोबर, कमाई किती, खर्च किती, धंदा कोणता. शिपाई आणि चौकीदारांनी त्याच्या हालचालींची आणि गैरहजेरीची द्यायची खबर. त्या खबरीची दुसऱ्या ठाण्याकडून चिठ्ठ्या पाठवून पडताळणी. आणि या सगळ्याची हिस्ट्री शीटमध्ये नोंद.

हा नियम मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो तेव्हा ते हमखास तिसऱ्या प्रकारापाशी थबकतात. कमाई, खर्च, संगत, सवयी. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये याच चार गोष्टी भरलेल्या असतात, आणि त्या नोंदवायला कुठल्या फौजदाराला गावात फेरी मारावी लागत नाही.

या जागी एका कादंबरीचा उल्लेख करायलाच हवा, कारण तिचा लेखक याच यंत्रणेतला माणूस होता. जॉर्ज ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात. १९२२ ते १९२७ ही पाच वर्षं त्याने ब्रह्मदेशात इंडियन इम्पीरियल पोलिसात नोकरी केली. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारचाच प्रांत होता. जून १९४९ मध्ये ‘१९८४’ प्रसिद्ध झाली. तिच्यातला विन्स्टन भिंतीवरच्या दुतर्फी पडद्यापासून अंग चोरून, खोलीच्या एका कोनाड्यात बसून रोजनिशी लिहितो. आपल्याकडे या क्षणी कोणी पाहतंय की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. त्यामुळे सतत कोणीतरी पाहतंय असं धरूनच त्याला जगावं लागतं. या पुस्तकाबद्दल बोलताना लोक हिटलर आणि स्टालिन यांच्याकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. पण माणसांची नोंद ठेवणारी, संशयितावर नजर ठेवणारी सत्ता लेखकाने आधी आतून, गणवेश घालून पाहिली होती. ती वसाहतीची सत्ता होती, आणि तिच्या वह्या आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही बंद झाल्या नाहीत.

निकाल

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. बहुमत चौघांचं: सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा, सय्यद जाफर इमाम, एन. राजगोपाल अय्यंगार आणि आपल्या विदर्भातले जे. आर. मुधोळकर. निकालपत्र अय्यंगारांनी लिहिलं. के. सुब्बा राव आणि जे. सी. शहा या दोघांचं मत वेगळं पडलं.

सरकारी पक्षाची एक बाजू मुळातच लंगडी होती. ही नियमावली कायदेमंडळाने केलेला कायदा नव्हता. खात्याने आपल्या माणसांना दिलेल्या त्या अंतर्गत सूचना होत्या. घटनेचं कलम २१ सांगतं की कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावता येणार नाही. म्हणजे पाळतीने व्यक्तिस्वातंत्र्याला धक्का बसतो हे एकदा मान्य झालं असतं, तर सरकारला दाखवायला कायदाच नव्हता. प्रश्न एवढाच उरला: पाळतीने स्वातंत्र्याला धक्का बसतो का?

बहुमताने या प्रश्नाचे दोन तुकडे केले. रात्री घरी जाऊन झोपमोड करणं घटनाबाह्य ठरवलं. घर हा माणसाचा किल्ला, हे इंग्लंडमधल्या १६०४ च्या निकालातलं वचन उद्धृत केलं. रात्री दारावर पडणारी पोलिसाची थाप ही स्वातंत्र्यावरचीच थाप आहे, या अर्थाचा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयातला दाखलाही दिला. नियम २३६ चा (ब) भाग रद्द झाला. उरलेले पाच भाग मात्र कायम राहिले. चोरून पहारा ठेवा, हालचाली टिपा, चिठ्ठ्या पाठवा, संगत आणि कमाई वहीत लिहा: यातलं काहीच माणसाच्या अंगाला लागत नाही, त्याला अडवत नाही, म्हणून मूलभूत हक्काचा भंग होत नाही. खासगी आयुष्याचा हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही, असं बहुमताने स्पष्ट लिहिलं. घटनेतलं संचाराचं स्वातंत्र्य हे प्रत्यक्ष, शारीरिक संचाराचं आहे. मनावर काय परिणाम होतो ते त्यात मोजायचं नाही, ही त्यामागची भूमिका.

माझ्या मते हा निकाल इथेच स्वतःशी भांडतो. खासगीपणाचा हक्क नसेल, तर रात्रीची झोपमोड कुठल्या हक्कावर घाला घालते? दारावर थाप मारणाऱ्यानेही माणसाला अडवलेलं नसतं. तो उठतो, दार उघडतो, पुन्हा झोपतो. थाप चूक ठरते ती घराच्या आतला काळ आणि जागा माणसाच्या मालकीची असते म्हणून. एवढं मान्य केलं, की घराबाहेरच्या पिंपळाखाली उभं राहून तोच काळ आणि तीच जागा टिपून घेणाऱ्या माणसाला मोकळं सोडता येत नाही. ही विसंगती पुढे २०१७ साली न्यायालयानेच मान्य केली, पण मध्ये पंचावन्न वर्षं गेली.

बहुमताचा युक्तिवाद किती दूर जाऊ शकतो, हे पाहायला रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याच्या ‘वुई’ या कादंबरीतलं शहर उपयोगी पडतं. १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या त्या कादंबरीत सगळ्यांची घरं काचेची आहेत. पडदा ओढायला परवाना लागतो, आणि तोही ठरावीक तासापुरता. त्या शहरात पोलिसाला कोणाच्या दारावर थाप मारायची गरज नाही. कोणाची झोप मोडत नाही, कोणाला कोणी रस्त्यात अडवत नाही. १९६२ च्या बहुमताची कसोटी लावली तर त्या शहरात मूलभूत हक्काचा भंग कुठेही सापडणार नाही. माणसाला झालेली इजा फक्त शरीरावर शोधणारी कसोटी काचेच्या घरापाशी निकामी होते.

दोघांचं वेगळं मत

सुब्बा रावांनी लिहिलेलं भिन्नमत पानांनी फार मोठं नाही, पण पाळतीबद्दल आपल्याकडे जे लिहिलं गेलं त्यात मी ते सर्वांत वर ठेवतो. त्यांचं म्हणणं असं: संचार म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी पाय हलवणं एवढंच नव्हे. माणूस घराबाहेर पडतो तो काही करायला, कोणाला भेटायला, कोणाशी बोलायला. त्याची प्रत्येक हालचाल पाहिली जात असेल, लिहिली जात असेल, तर त्याचं शरीर हलतं पण तो मोकळेपणाने हलू शकत नाही. पाळतीचं सावट डोक्यावर असलेला माणूस संकोचतो, आणि जे त्याने सहज केलं असतं ते करत नाही. खासगीपणाचा हक्क घटनेत शब्दाने लिहिलेला नसला तरी तो व्यक्तिस्वातंत्र्याचा अविभाज्य भाग आहे, आणि म्हणून नियम २३६ सगळाच्या सगळा घटनाबाह्य आहे. माणसाच्या मनाला वळण लावणाऱ्या पद्धती या खऱ्या अर्थाने शारीरिक बंधनंच असतात, कारण भीती माणसाला अपेक्षित चाकोरीतून चालायला लावते, असंही त्यांनी लिहिलं.

हे वाचताना खरक सिंगचं गाव डोळ्यांपुढे आणून पाहा. चौकीदार गावातलाच. त्याच्या घराकडे कोण येतं-जातं, हे टिपलं जातं हे सगळ्या गावाला माहीत. अशा माणसाच्या ओट्यावर कोण बसेल? त्याच्या मुलीची सोयरीक करायला कोण येईल? त्याला उधार कोण देईल? या गोष्टी निकालपत्रात नाहीत. हा माझा अंदाज आहे. पण नियमातच ‘संगत’ हा शब्द आहे, आणि संगत लिहिली जाते म्हटल्यावर संगत तुटते, हे कुठल्याही खेड्यात राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पाळत ठेवलेल्या माणसाबरोबर त्याच्या ओळखीपाळखीचे सगळेच वहीत जातात.

घटना लिहिताना हा विषय निघालाच नव्हता असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी केलेल्या निवेदनात घर, कागदपत्रं आणि मालमत्ता यांची अवाजवी झडती होऊ नये, असं संरक्षण मागितलं होतं. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती समितीत मांडली. हे संरक्षण फौजदारी संहितेत आहेच, तरी ते कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणं इष्ट ठरेल, म्हणून दुरुस्ती स्वीकारायची आपली तयारी बाबासाहेबांनी दाखवली. मतदानात मात्र ती पडली. १९६२ च्या बहुमताला घटनेत हक्क ‘सापडला’ नाही, त्याची एक कड इथे आहे.

थापही परत आली

रात्रीच्या तपासण्या रद्द झाल्या म्हणून निदान तेवढं तरी कायमचं मिळालं, असं कोणी समजत असेल तर गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश हा १९७५ चा निकाल पाहावा. तिथले पोलीस नियमही जवळपास असेच होते. फरक इतकाच की त्यांना पोलीस कायद्याचा आधार होता. न्या. मॅथ्यू यांनी खासगीपणाचा हक्क गृहीत धरून विचार केला, हे पाऊल मोठं होतं. पण नियमांमागे कायदा आहे म्हणून ते टिकले. रात्रीची भेटसुद्धा टिकली. फक्त ज्यांच्याकडून समाजाला खरा धोका आहे अशांपुरतीच ती वापरा, अशी मर्यादा घातली गेली. खरक सिंगचा अर्धा विजय ‘कायदा नाही’ या एका आधारावर उभा होता. सरकारने कायदा आणला की तो आधार गेला.

हे दुखणं अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी मिटलं. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध २०१२ साली अर्ज केला होता. त्यात केंद्र सरकारने १९५४ चा एम. पी. शर्मा हा आठ न्यायमूर्तींचा निकाल आणि खरक सिंगचा सहा जणांचा निकाल पुढे करून खासगीपणा हा मूलभूत हक्क नाहीच, असं म्हटलं. एका दरोड्याच्या संशयिताला पन्नास वर्षांपूर्वी जे नाकारलं गेलं होतं, ते आता देशातल्या प्रत्येकाला नाकारण्यासाठी वापरलं जात होतं. म्हणून नऊ जणांचं खंडपीठ बसवावं लागलं, आणि नऊच्या नऊ जणांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. धनंजय चंद्रचूड यांनी चौघांच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिलं, नागपूरचे शरद बोबडे यांनी स्वतंत्र लिहिलं. रोहिंटन नरिमन यांनी सुब्बा रावांचं मत देशाच्या इतिहासातल्या तीन थोर भिन्नमतांमध्ये बसवलं. खरक सिंग निकालातला खासगीपणा नाकारणारा भाग रद्द झाला. आणि गोविंद प्रकरणातली फट बुजवणारी गोष्टही झाली: नुसता कायदा असून भागणार नाही; हेतू रास्त हवा, आणि जितकी गरज तितकाच हस्तक्षेप हवा.

चिठ्ठीच्या जागी पिन

या कसोटीचा उपयोग होतो का? कधीकधी होतो, आणि तेव्हा फार नेमका होतो. मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन २००९ आणि २०१० मध्ये तीन आदेशांनी टॅप झाला होता. आरोप बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच देण्याचा. तेव्हा लागू असलेल्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२) प्रमाणे फोन ऐकायला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असावा लागायचा. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की यातलं काहीच इथे नव्हतं. तिन्ही आदेश रद्द केले आणि टॅप केलेली संभाषणं नष्ट करायला सांगितली. लाचेचा आरोप गंभीर असेल, पण गुन्हा गंभीर म्हणून कान लावायची मुभा आपोआप मिळत नाही, हा त्याचा अर्थ.

दुसरं उदाहरण तर खरक सिंगचंच नवं रूप आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती, की त्याने गुगल मॅपवर पिन टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसेल असा ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने ही पिन चालते कशी, हे थेट गुगलकडून प्रतिज्ञापत्रावर मागवलं. ८ जुलै २०२४ रोजी ठाणे शहरातले न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ती अट काढून टाकली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत डोळा ठेवता येईल, अशी अट कलम २१ मध्ये बसत नाही. नियम २३६ मधली गैरहजेरीची खबर आणि ठाण्या-ठाण्यातली चिठ्ठी, जी १९६२ च्या बहुमताने राहू दिली, ती बासष्ट वर्षांनी अशी नाकारली गेली.

मात्र या दोन्ही माणसांना आपल्यावर नजर आहे हे कधी ना कधी कळलं, म्हणून ते न्यायालयात जाऊ शकले. फोन टॅप झालेल्याला ते कळलं खटला दाखल झाल्यावर. ज्याच्यावर खटला होतच नाही, त्याला कधीच कळत नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या अर्जावरच्या १९९६ च्या निकालाने टॅपिंगच्या आदेशाला दोन महिन्यांची मुदत आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांची कमाल मर्यादा घातली, आढावा समिती नेमायला लावली. पण ती समिती सरकारी सचिवांची. आदेश देणारं सरकार आणि तपासणारंही सरकारच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १७(२) ने केंद्राला आपल्या कुठल्याही यंत्रणेला कायद्याच्या बाहेर ठेवता येतं. माणसाची माहिती कंपन्यांपासून वाचवायला केलेला कायदा सरकारपाशी येऊन थांबतो, हे मला अजिबात मान्य नाही.

रात्रीची थाप वाईट होती, पण तिने खरक सिंगला निदान सांगितलं की कोणीतरी पाहतंय. त्या थापेनेच त्याला दिल्लीपर्यंत नेलं. १९६२ च्या न्यायालयाने पाळतीतला जो एकच भाग चूक ठरवला, नेमका तोच आजच्या यंत्रांना लागत नाही.

वहीत कोण असतं

शेवटी मूळ वहीकडे यायला हवं, कारण कॅमेरे आणि ॲप यांच्या चर्चेत ती बाजूला पडते, आणि ती अजून उघडी आहे. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, टकारी अशा समाजांना ही वही नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच नोंद करायची सोय केली होती. ठाण्यावर हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. गावात चोरी झाली की आधी पालावर जीप जाते, हे आजही होतं. खरक सिंगला एका फसलेल्या आरोपानंतर जे सोसावं लागलं, ते या घरांतल्या पोरांच्या वाट्याला कुठल्याही आरोपाशिवाय येतं.

७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका हिस्ट्री शीटच्या प्रकरणात न्या. सूर्य कांत आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या निकालाने सांगितलं, की हिस्ट्री शीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो चव्हाट्यावर आणायचा नाही. सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने ठरावीक काळाने तपासायचा. आणि तपासात निर्दोष आढळलेल्यांची नावं काढून टाकायची. मागास आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या निरपराध लोकांच्या नोंदी केवळ पूर्वग्रहातून केल्या जातात, याची दखल घेऊन न्यायालयाने हा विषय आपणहून सगळ्या राज्यांपुढे ठेवला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर तुरुंगांतला जातिभेद रद्द करताना, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग नियमांवरही न्यायालयाने बोट ठेवलं.

यात एक गोष्ट अजून नाही आणि ती आणावी लागेल. वहीत नाव असलेल्या माणसाला ते आहे हे लेखी कळवण्याची, आणि पोलीस खात्याबाहेरच्या कोणाकडे तरी त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय. सहआयुक्ताने तपासलेली यादी ही अखेर पोलिसांनीच तपासलेली पोलिसांची यादी. राज्याच्या गृहखात्याने ही सोय नियमात लिहावी. त्यासाठी संसदेकडे जायची गरज नाही. नियम २३६ सुद्धा एका खात्याच्या लेखणीतूनच उतरला होता.